जमत नाही तेव्हा : कोलांटउडीच्या अभ्यासातील वैतागाचा विचार

कोलांटउडी हा शब्द हल्ली आपण मैदानावर कमी ऐकतो आणि वर्तमानपत्रात जास्त वाचतो. पक्ष बदलणारा पुढारी कोलांटउडी मारतो, काल छापलेले आज नाकारणारा संपादकही मारतो. या मंडळींना ती पहिल्याच प्रयत्नात जमते. जमिनीवरची खरी कोलांटउडी मात्र इतकी कनवाळू नाही. ज्या कोल्हाटी समाजाच्या नावावरून हा शब्द भाषेत आला, त्या समाजातल्या कित्येक पिढ्यांनी पोटासाठी ती लहानपणापासून घोटली. डोंबाऱ्यांच्या मुलांनी गावोगावच्या चौकात दोरीवर आणि बांबूवर तसलीच कसरत केली. पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, नाणी टाकली. पण ती उडी साधण्याआधी ते मूल किती वेळा पडले, किती वेळा रडले आणि कोणत्या दिवशी ‘आता पुरे’ म्हणाले, याची नोंद कोणी केली नाही. आपल्याकडे कसरतींची वर्णने भरपूर आहेत, पण ती शिकताना येणाऱ्या वैतागाबद्दल लिहिलेले फारसे आढळत नाही. हा लेख त्या वैतागाविषयी आहे.

प्रारंभीच सांगतो की मी व्यायामशिक्षक नाही आणि मानसशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. राहणार परतवाड्याचा, पेशाने हिशेबनीस. वऱ्हाडातल्या जुन्या तालमींची माहिती गोळा करण्याचा नाद तरुणपणी लागला, तो पन्नाशी उलटली तरी सुटलेला नाही. कामाच्या निमित्ताने मेळघाटात सेमाडोहला जाणे-येणे असते आणि तिथल्या मुलांना उड्या मारताना बरीच वर्षे पाहत आलो आहे. तालमींतले जुने ज्ञान, शरीरकौशल्यांवरचे गेल्या सव्वाशे वर्षांतले संशोधन आणि सेमाडोहच्या मुलांचे वागणे या तीन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या, तेव्हा एक मुद्दा स्पष्ट होत गेला. अवघड उडी सोडून देणारे मूल बहुधा ताकदीत कमी पडलेले नसते. आपण नेमके कुठे अडलो आहोत हे त्याला कोणी सांगितलेले नसते, म्हणून ते सोडते. आणि हे केवळ उडीपुरते राहत नाही.

अर्ध्या सेकंदाची आंधळी गल्ली

उदाहरणाला मागची कोलांटउडी घेऊ. उभ्या जागेवरून वर उसळायचे, हवेत मागच्या बाजूने पूर्ण फिरायचे आणि पुन्हा पायांवर उतरायचे. मुले तिला गुलाटी म्हणतात, मोबाइल पाहणारी बॅकफ्लिप म्हणतात. या उडीत शिकणाऱ्याला इतका राग का येतो, हे समजायला थोडे शाळेतले गणित पुरते.

चांगली उडी मारणाऱ्या मुलाच्या शरीराचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर वर जातो असे धरू. तेवढ्या उंचीवर जाऊन परत यायला त्याला साधारण ०.६४ सेकंद मिळतात. डोळ्याने पाहिलेल्या साध्या खुणेला प्रतिसाद द्यायला माणसाला जवळपास ०.२ सेकंद लागतात. म्हणजे हवेत विचार करून दुरुस्ती करायला वेळ जवळजवळ नसतोच. दुसरी अडचण पदार्थविज्ञानाची आहे. पाय जमिनीवरून सुटले की शरीराला मिळालेला फिरकीचा ऐवज ठरून जातो, तो हवेत वाढवता येत नाही. अंग आवळून घेतले तर फिरण्याचा वेग वाढतो, अंग सोडले तर कमी होतो, एवढेच हातात राहते. थोडक्यात, उडीचा निकाल पाय जमिनीवर असतानाच लागलेला असतो आणि तो कळतो पडल्यावर.

नवशिका नेमका उलटा विचार करतो. त्याला मागे फिरायचे असते, म्हणून तो मागे उडतो. मग उंची जाते. फिरण्याची घाई म्हणून तो डोके आधीच मागे फेकतो. मग पाठीची कमान होते, गुडघे छातीशी येत नाहीत आणि फिरणे मंदावते. हवेत जमीन दिसेनाशी झाली की भीतीने तो अंग लवकर उघडतो आणि गुडघ्यांवर किंवा हातांवर येतो. ‘काय चुकले?’ असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. त्या अर्ध्या सेकंदाची त्याला आठवणच नसते. बऱ्याच जणांचे डोळे मिटलेले असतात.

वैतागाचे मूळ इथे आहे. लाकूड फोडताना घाव चुकला तर कुऱ्हाड कुठे बसली ते दिसते. पोळी करपली तर तवा जास्त तापल्याचे कळते. उडीत मात्र कष्ट पूर्ण लागतात आणि त्या कष्टांचा परिणामाशी असलेला धागा दिसत नाही. जीव तोडून केलेला प्रयत्न आणि अर्धवट केलेला प्रयत्न दोन्ही तितकेच जोरात आपटतात. असे दहा वेळा झाले की माणूस चिडतो. चिडला की आणखी जोर लावतो. जोर लावला की अंग ताठते, आणि ताठलेले अंग फिरत नाही.

एका नावाखाली चार अडचणी

‘वैताग आला’ हे एकच वाक्य शिकणारा चार निरनिराळ्या प्रसंगी बोलतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला वैताग न कळणाऱ्या चुकीचा. तो वर सांगितलाच. त्याला बाहेरचा डोळा लागतो आणि त्या डोळ्याने एका वेळी एकच गोष्ट सांगावी लागते. मान, हात, गुडघे, उंची अशी यादी ऐकवली तर शिकणारा जागीच बधिर होतो. सांगण्याचे प्रमाणही महत्त्वाचे आहे. १९८४ साली सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी शरीरकौशल्यांवरचे तोवरचे प्रयोग एकत्र तपासून दाखवले, की प्रत्येक प्रयत्नानंतर सूचना मिळाली तर सरावाच्या वेळी प्रगती झपाट्याने दिसते, पण सूचना थांबली की ती घसरते, कारण शिकणारा सूचनेवर रेलून राहतो. आपले जुने वस्ताद दिवसभरात चार वाक्ये बोलत. आपण तो त्यांचा तुसडेपणा समजत होतो. त्यात शिकवण्याची एक रीतही होती.

दुसरा वैताग भीतीचा. हा फसवा असतो, कारण तो रागाचे कपडे घालून येतो. मुलगा पळत येतो आणि ऐन वेळी थांबतो. पुन्हा पळतो, पुन्हा थांबतो. मग चप्पल फेकतो, जमीन खराब आहे म्हणतो, हसणाऱ्या मित्राच्या अंगावर जातो. पाहणाऱ्याला तो चिडका वाटतो, पण तो घाबरलेला असतो. आणि भीती खोटी नसते. मानेवर पडण्याचा धोका खरा आहे. या मुलाला ‘हिंमत कर’ सांगण्यात अर्थ नाही. त्याला एक पायरी खाली आणावे लागते. उंची कमी करायची, खाली मऊ जागा द्यायची, कमरेला दोघांनी आधार द्यायचा.

तिसरा वैताग पठाराचा. पहिले काही आठवडे प्रगती दिसते, मग दिसेनाशी होते. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर यांनी तारखात्यात संदेश घ्यायला शिकणाऱ्यांचा अभ्यास करून १८९७ साली जो लेख छापला, त्यात हे पठार प्रथम नीट आखलेले दिसते. संदेश घेण्याचा वेग काही काळ वाढत जाई, मग बराच काळ एकाच पातळीवर रेंगाळे आणि नंतर पुन्हा चढे. त्यांचे म्हणणे असे होते की त्या रेंगाळण्याच्या काळात सुटी अक्षरे शब्दांत आणि शब्द वाक्यांत बांधले जात असतात. प्रत्येक कौशल्यात असे पठार येतेच असे नाही, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले. तरीही शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्या जुन्या लेखातला दिलासा मोलाचा आहे. मोजपट्टी जागची हलत नाही, म्हणजे आत काहीच चालले नाही असे नव्हे.

चौथा वैताग सर्वांत कडू. हातची गेलेली उडी. काल जमत होती, आज नाही. जगातल्या सर्वोत्तम जिम्नॅस्टलाही हे चुकलेले नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २७ जुलै २०२१ रोजी सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली. हवेत आपण कुठे आहोत याचे भानच हरवत होते. खेळाडू या अवस्थेला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. तिच्यावर टीका झाली, पण तिने जोर लावून पुढे रेटले नाही. आठवडाभरात ती गिरक्या वगळलेल्या रचनेसह बीमवर उतरली आणि कांस्यपदक घेऊन गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्णपदके मिळवली. मधल्या काळाचा धडा सरळ आहे. हरवलेली उडी ओरबाडून परत मिळत नाही. सोप्या उड्यांपासून पुन्हा चढत यावे लागते.

तालमीने वैतागाची सोय कशी लावली

हे सारे परदेशी शोधांतून आलेले वाचून आपल्याकडे काही नव्हते असे वाटेल. तसे नाही. आपल्याकडे त्याचे शास्त्र लिहिलेले नव्हते, पण व्यवस्था होती. मल्लखांब हे तिचे सर्वांत चांगले उदाहरण.

बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख आहे. पण आज आपण ओळखतो तो मल्लखांब बाळंभटदादा देवधरांचा, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला. त्यांची कथा तालमींत सांगितली जाते ती अशी. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी आव्हान दिले. कोणी पुढे येईना. तरुण बाळंभटाने आव्हान घेतले, तयारीला मुदत मागितली आणि सप्तशृंगीला वणीला गेला. तिथे अनुष्ठानात त्याला माकडाच्या रूपात मारुतीने झाडावरच्या पकडी दाखवल्या, आणि त्या घोटून त्याने अलीला चीत केले. दंतकथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या परंपरेने या विद्येच्या आद्यपुरुषाला जन्मजात अजिंक्य म्हणून रंगवले नाही. तो आधी अडलेला आहे. त्याने मुदत मागितली आहे. मैदान सोडून तो दूर गेला आहे आणि वेगळ्या नजरेने पाहून परत आला आहे. मुदत मागणे ही हार नव्हे, हे त्या कथेतच आहे.

मल्लखांबाच्या शिकवणीची रचनाही पाहण्यासारखी आहे. अढी, तेढी, बगली, दसरंग, सुईदोरा, वेल, फिरकी, फरारे, आसने, ताजवे अशी कसरतींची घराणीच आहेत. प्रत्येक घराण्यात सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पायऱ्या. दसरंग अडला तर मूल रिकामे बसत नाही. त्याच खांबावर त्याला अढीची नवी तऱ्हा करता येते. एका दिवसात एक तरी गोष्ट जमून ते घरी जाते. १९७९ साली शे आणि मॉर्गन यांनी प्रयोगाने दाखवले की एकच हालचाल सलग घोटण्यापेक्षा निरनिराळ्या हालचाली आलटून पालटून केल्या तर त्या क्षणी चुका जास्त होतात, पण शिकलेले जास्त टिकते. खांबाभोवती रांगेने उभे राहून वेगवेगळे प्रकार करणाऱ्या मुलांची रीत याहून फार लांब नाही. रांग हीदेखील एक सोय आहे. आपला नंबर येईपर्यंत दम परत येतो, राग उतरतो आणि दुसऱ्याची चूक पाहायला मिळते.

या परंपरेत अमरावतीचा वाटा मोठा आहे. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षापासून बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड काढायला सुरुवात केली आणि दहा खंडांचे ते काम १९४९ पर्यंत चालले. पकडी, उड्या आणि आसने यांची एवढी बारीक नोंद मराठीत पुन्हा झालेली नाही. शिकणाऱ्याच्या मनाची नोंद मात्र कागदावर आली नाही, ती वस्तादांच्या वागण्यात राहिली. वस्ताद गेले की तीही जाते. म्हणून ती मांडून ठेवण्याची निकड मला वाटते.

सिपनेच्या डोहात आणि डोहाबाहेर

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर सेमाडोह लागते. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतला मेळघाट हा एक, आणि सेमाडोह त्याच्या ऐन मध्यात. गावाजवळून सिपना वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. ज्या लाकडाचे मल्लखांब घडतात त्याचेच नाव नदीला आहे, याची मला नेहमी गंमत वाटते. वस्ती मुख्यत्वे कोरकूंची. तालीम नाही, गाद्या नाहीत, मल्लखांब नाही. उड्या मात्र भरपूर.

मुले खडकावरून डोहात उलट्या उड्या घेतात. पाठीवर आपटतात, पोटावर आपटतात, पाण्याचा चटका बसतो आणि हसत वर येतात. वीस वेळा फसलेला मुलगा एकविसाव्यांदा खडकावर चढताना चिडलेला नसतो. तोच मुलगा संध्याकाळी मोकळ्या जमिनीवर तीच उडी मारायला जातो, तीनदा गुडघ्यांवर येतो आणि मातीला लाथ मारून बाजूला बसतो. मूल तेच आणि उडीही तीच. बदलली ती फक्त चुकीची किंमत. पाण्यात पडल्याचा दंड क्षणभराचा, मातीत पडल्याचा आठवडाभराचा. शिवाय डोहात सगळेच पडत असतात, जमिनीवर एकटा पडतो आणि बाकीचे पाहतात. वैताग हा स्वभावाचा भाग आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो बराचसा जागेचा आणि पाहणाऱ्यांचा भाग आहे.

(कोणी हे वाचून मुलांना अनोळखी पाण्यात उडी मारायला सांगू नये. उथळ पाण्यात डोके आपटून मान मोडते. डोहाचा तळ त्या मुलांच्या पायाखालचा असतो, आणि तरीही पावसाळ्यानंतर आधी कोणीतरी मोठा उतरून तळ पाहतो.)

एकदा असाच एक मुलगा बसला होता. ‘होतच नाही ना जी,’ एवढेच म्हणाला. त्याच्याहून वर्षादोन वर्षांनी मोठा मित्र म्हणाला, ‘अबे, आज नको मारू. सकाळी मार.’ मित्राने कुठलाही प्रबंध वाचला नव्हता. पण २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी बोटांच्या ठरावीक क्रमाच्या हालचालीवर केलेल्या प्रयोगात, मध्ये रात्रीची झोप झाली तर आणखी सराव न करताही वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दिसला होता. दिवसाचे जागे तास गेले तर तशी वाढ दिसली नव्हती. बोटे आणि कोलांटउडी सारखी नव्हेत, तरी दिशा तीच. थकल्यावर, चिडल्यावर घेतलेल्या दहा उड्या चुकीची उडी अंगात मुरवतात. सकाळची पहिली उडी वेगळी असते.

सेमाडोहला आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती भाषेची. या मुलांची घरची भाषा कोरकू, शाळेची मराठी, बाजाराची हिंदी. ‘गुडघे छातीशी घे, हनुवटी आत ठेव’ ही मराठी सूचना डोक्यात उलगडेपर्यंत उडी संपलेली असते. पण ‘त्या फांदीला डोकं लावायला जा’ म्हटले की मूल सरळ वर उसळते. गॅब्रिएले वुल्फ यांनी १९९८ पासून केलेल्या प्रयोगांतून हेच पुढे आले आहे, की लक्ष अवयवांवर ठेवण्यापेक्षा बाहेरच्या परिणामावर ठेवले तर हालचाल लवकर आणि चांगली बसते. ज्यांच्याशी आपली भाषा अर्धीच जुळते त्यांना शिकवताना फांदी, सावली, दगड यांची भाषा जास्त उपयोगाची ठरते.

आणि ज्याचा वैताग कोणी पाहतच नाही असाही एक शिकणारा इथे आहे, म्हणजे मुली. दहा-अकराव्या वर्षापर्यंत त्या हातावरची चक्री मुलांपेक्षा सफाईने मारतात. पुढे डोहावर दिसेनाशा होतात. पाणी आणायचे असते, धाकटे भावंड कडेवर असते. एक मुलगी भावाला आधार देण्यापुरती जमिनीवरच्या सरावाला येई. त्याची चूक ती अचूक सांगे, तिचा नंबर मात्र लागत नसे. न जमल्याचा वैताग शिकवून जातो. करूच न दिल्याचा वैताग काहीच शिकवत नाही, तो फक्त साचत जातो.

संधी मिळाली तर काय होते याचे उदाहरण दूर शोधायला नको. छत्तीसगडच्या नारायणपूरमध्ये अबूझमाड मल्लखांब अकादमीत आदिवासी मुले-मुली खांबावर तयार झाली, आणि त्या चमूने २०२३ मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही दूरचित्रवाणीवरची स्पर्धा जिंकली. अबूझमाड आणि मेळघाट या दोन्ही जंगलांतल्या मुलांच्या पायात ताकद सारखीच असावी. फरक खांबाचा आणि शिकवणाऱ्याचा.

‘जमत नाही’ या वाक्याचे व्याकरण

वैतागलेले मूल मराठीत काय बोलते ते नीट ऐकावे. ‘मला जमत नाही.’ हे वाक्य घडून गेलेल्या एका उडीबद्दल नाही, ते मुलाच्या कायमच्या स्थितीबद्दल आहे. ‘मला वांगे चालत नाही’ तसे. घडले ते फक्त एवढेच, की ‘या वेळी जमले नाही.’ पहिल्या वाक्यात दार बंद होते, दुसऱ्यात एक प्रयत्न संपतो. शिकवणाऱ्याने मुलाला नुसते क्रियापदाचे रूप बदलायला लावले, आणि पुढे ‘कुठे?’ असे विचारले, तरी फरक पडताना मी पाहिला आहे. ‘या वेळी उंची जमली नाही’ असे बोलणारे मूल पुढच्या उडीत काय करायचे ते आपोआप सांगत असते.

दुसरी गंमत ‘जमणे’ या क्रियापदाची. मराठीत ‘मी जमतो’ असे नाही, ‘मला जमते’ असे आहे. भूक लागते, झोप येते, आठवण येते, तसेच कौशल्य जमते. करणारा मी असलो तरी वाक्यातला कर्ता मी नाही. तालमीत म्हणतात, ‘उडी अंगात बसली.’ बसणारी उडी आहे, आपण फक्त जागा करून देणारे. झोपेला हुकूम सोडता येत नाही, अंथरूण मात्र घालता येते. उडीलाही हुकूम सोडता येत नाही. पाय मजबूत करणे, पायऱ्या बांधणे, ताज्या अंगाने मोजक्या उड्या घेणे हे तिचे अंथरूण.

जिद्द आणि हट्ट

इथे एक शंका येईल. एवढे लाड केले तर कोणी अवघड काही शिकेल का? जिद्द नको का? हवीच. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचे उदाहरण घ्या. तळपाय सपाट, सुरुवातीची साधने तुटपुंजी, तरी प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांच्या हाताखाली तिने प्रोदुनोव्हा ही व्हॉल्टमधली अत्यंत धोकादायक उडी साधली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिला १५.०६६ गुण मिळाले आणि ०.१५ गुणांनी कांस्यपदक हुकले. ही जिद्द. तिच्यामागे आधी पायांवरची मेहनत, मग पायऱ्यांनी चढणारा सराव आणि रोज पाहणारा एक डोळा होता.

हट्ट वेगळा. सोव्हिएत संघाची येलेना मुखिना १९७८ ची विश्वविजेती. पाय मोडला, तो पुरता भरून येण्याआधीच मॉस्को ऑलिंपिकसाठी तिला सरावाला उभे केले गेले. जुलै १९८० मध्ये मिन्स्कला एका जीवघेण्या उडीचा सराव करताना ती मानेवर पडली आणि कायमची जायबंदी झाली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. तो वैताग तिचा नव्हता, पदकासाठी अधीर झालेल्या यंत्रणेचा होता. शिकणाऱ्याच्या वैतागाइतकाच शिकवणाऱ्याचा वैताग घातक असतो, किंबहुना जास्त, कारण पडतो दुसराच.

दोन्हींतला फरक ओळखायला मी एक साधी कसोटी वापरतो. पुढच्या प्रयत्नात काय वेगळे करणार, याचे उत्तर असेल तर ती जिद्द. उत्तर नुसते ‘आणखी जोरात’ असेल तर तो हट्ट, आणि त्या दिवशी थांबावे. थांबणे म्हणजे घरी जाणे नव्हे. एक पायरी खाली उतरून जमणारी एखादी उडी घ्यावी आणि जमलेल्या उडीवर दिवस संपवावा. कारण उद्या शरीर पहिली आठवण शेवटच्या उडीची काढते, असे जुने शिकवणारे सांगत.

गावात गादी नसेल तर निदान या गोष्टी करता येतात : भुसभुशीत माती किंवा वाळू पसरलेली जागा, कमरेला धरणारे दोन जाणते हात, एका दिवसाला मोजक्या ताज्या उड्या, एका वेळी एक सूचना, पडणाऱ्यावर न हसण्याचा नियम आणि मुलींचा स्वतंत्र नंबर. मान, पाठ दुखली तर त्या दिवशी उडी बंद. पैशाचा प्रश्न यात फारसा नाही. प्रश्न आहे तो कोणीतरी तिथे रोज उभे राहण्याचा.

हे उडीपुरते राहत नाही, असे सुरुवातीला म्हटले ते यासाठी. सेमाडोहच्या मुलाला दुपारी भागाकार अडतो, परक्या भाषेतला धडा अडतो. तिथेही चूक कुठे झाली ते त्याला दिसत नाही, दंड मोठा असतो आणि बाकीचे पाहत असतात. तिथेही ते ‘जमत नाही’ म्हणते आणि एक दिवस शाळेत दिसेनासे होते. आपण त्याला गळती म्हणतो, आकड्यांत मोजतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर ते शेवटच्या उडीनंतर मातीला लाथ मारून उठून जाणे आहे. त्या क्षणी त्याच्या शेजारी बसून ‘कुठे जमले नाही, दाखव’ असे विचारणारा एक माणूस असला, तर बहुतेक मुले पुन्हा उभी राहतात. हे काम शिक्षकाचे आहे, तसेच मोठ्या भावाचे, बहिणीचे आणि पारावर बसलेल्या काकाचेही आहे. त्याला पदवी लागत नाही, थोडा वेळ आणि पाहणारी नजर लागते.